फोटो खोटा आहे हे माहीत असूनही

फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून एक नियम लागू झाला. जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केलं असेल, तर फोटोत फेरफार केल्याची सूचना त्यावर छापायची. नाही छापली तर ३७,५०० युरोपर्यंत दंड, किंवा जाहिरातीवर केलेल्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत. इस्रायलने असा कायदा आधीच, २०१२ साली केला होता. नॉर्वेचा १ जुलै २०२२ ला आला आणि तो पैसे घेऊन पोस्ट टाकणाऱ्या इन्फ्लुएन्सरनाही लागू झाला.

या सगळ्यामागचा विचार साधा आहे. ही कंबर खरी नाही, हे पाहणाऱ्याला कळलं की तो त्या कंबरेशी स्वतःची तुलना करणार नाही. ऐकायला एकदम पटतं. पण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात मरिका टिगेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. तरुण मुलींना फॅशन मासिकातल्या जाहिराती दाखवल्या. काहींवर सूचना होती, काहींवर नव्हती. सूचना वाचलेल्या मुली आपल्या शरीराबद्दल जास्त समाधानी निघाल्या का? नाही. काही बाबतींत उलटंच झालं. ‘मांड्या आणि कंबर बारीक केली आहे’ असं नेमकं लिहिलं, तर नजर आधी तिकडेच जायची. ज्या मुलींना मुळातच इतरांशी तुलना करायची सवय होती, त्यांची नाराजी अशा सूचनेने वाढली.

या विषयावर बोलताना आपण बहुतेक वेळा इथेच चुकतो. ‘अगं, ते सगळं एडिट केलेलं असतं’ असं मुलीला सांगितलं की आपलं काम झालं, असं वाटतं. तिला ते ठाऊक असतं. तिच्या मोबाइलमध्ये तीच अ‍ॅप्स आहेत आणि ती वापरण्यात ती आपल्यापेक्षा तरबेज आहे. प्रश्न माहितीचा असता तर तो केव्हाच सुटला असता.

मग माहीत असून परिणाम का होतो?

दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही आपल्या परवानगीशिवाय घडतात.

पहिली म्हणजे तुलना. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं की, माणसाला आपण कसे आहोत हे जाणून घ्यायचं असतं आणि त्यासाठी मोजपट्टी नसेल तेव्हा तो इतर माणसांकडे पाहतो. उंची फूटपट्टीने मोजता येते. आपण दिसायला बरे आहोत का, हे कशाने मोजणार? आजूबाजूला पाहूनच. पूर्वी ‘आजूबाजूला’ म्हणजे गल्ली, वर्ग, लग्नातली मंडळी. त्यात सगळ्या प्रकारची माणसं असायची, त्यामुळे बहुतेकांची बेरीज-वजाबाकी ठीकठाक जमायची. आता रोज दिसणाऱ्या चेहऱ्यांपैकी बरेचसे पडद्यावरचे असतात. तुलना करताना मन ‘हा चेहरा खरा, हा सुधारलेला’ असे दोन ढीग करत बसत नाही. तुलना आधी होऊन जाते, मग आपण स्वतःला समजावतो. समजावणं मागाहून येतं, तोवर टोचायचं ते टोचून झालेलं असतं.

दुसरी गोष्ट नजरेची आहे. दुपारच्या उन्हातून घरात शिरल्यावर लख्ख उजेडाची खोलीही काळोखी वाटते, कारण डोळा आधीच्या उजेडाला सरावलेला असतो. शरीरांच्या बाबतीतही असंच होतं. लोकांना काही वेळ अरुंद केलेल्या शरीरांचे फोटो दाखवले आणि मग ‘यातलं नेहमीसारखं शरीर कोणतं?’ असं विचारलं, तर त्यांचं उत्तर बारीक शरीराकडे सरकतं. रुंद केलेली शरीरं दाखवली तर उत्तर उलट दिशेला सरकतं. हे प्रयोगशाळेत मिनिटांच्या हिशेबात घडतं. यात बुद्धीचा काही संबंध नाही. म्हणून मी याला मुलींचा भोळेपणा म्हणायला तयार नाही. त्यांच्या जागी शंभर पुस्तकं वाचलेला माणूस बसवला तरी त्याचे डोळे असेच वागतील.

नदरोगाच्या मुली

माध्यमांचा परिणाम मोजणं अवघड असतं, कारण माध्यमं नसलेला समाजच सापडत नाही. फिजी बेटांवरच्या नदरोगा भागात तो सापडला. तिथे टीव्ही १९९५ साली पोहोचला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर या मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ तिथे आधीपासून काम करत होत्या. त्यांनी टीव्ही आल्यावर काही आठवड्यांतच तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, पुन्हा केली.

त्या समाजात भरलेलं, दणकट शरीर चांगलं मानत. पाहुण्याला आग्रहाने खाऊ घालणं हा मान होता. एखादी मुलगी वाळायला लागली तर घरच्यांना काळजी वाटायची, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही की काय असं बोललं जायचं. हे वाचताना आपल्या आज्या आठवतात, नाही का! मुद्दाम डाएट करणं ही कल्पनाच तिथे फारशी नव्हती. मग पडद्यावर अमेरिकी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन मालिका आल्या.

खाण्याबद्दलचं वागणं बिघडत चालल्याची खूण एका प्रश्नावलीतून काढतात. त्यात धोक्याच्या पातळीवर गेलेल्या मुली १९९५ मध्ये १२.७ टक्के होत्या, १९९८ मध्ये २९.२ टक्के झाल्या. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. दुसऱ्या पाहणीत असं सांगणाऱ्या ११.३ टक्के निघाल्या. आपण फार जाड आहोत असं कधी ना कधी वाटतं, असं १९९८ मध्ये ७४ टक्के मुलींनी सांगितलं.

आकडे डोळे विस्फारायला लावणारे असले तरी दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. दोन्ही वेळी मुली साठ-पासष्टच होत्या, आणि त्याच मुली पुन्हा विचारलेल्या नव्हत्या. शिवाय त्याच काळात तिथे रोजगार, शिक्षण, पैसा सगळंच बदलत होतं. बेकर यांना मुलाखतींत एक गोष्ट दिसली, ती मला आकड्यांहून महत्त्वाची वाटते. मुलींना फक्त सुंदर दिसायचं नव्हतं. पडद्यावरच्या बायकांकडे नोकरी होती, मोकळीक होती, आणि त्यांच्यासारखं शरीर झालं तर तसं आयुष्यही हाती लागेल, असं त्यांना वाटत होतं. बारीक कंबरेसोबत एक अख्खं आयुष्य विकलं जात होतं. आजचं इन्स्टाग्राम पाहा. मालदीवच्या समुद्रकिनाऱ्यावरचा सपाट पोटाचा फोटो एकटं पोट दाखवत नाही. त्यात सुट्टी असते, पैसा असतो, मित्रमंडळी असतात.

आणखी एक गोष्ट नदरोगातून कळते. तिथल्या टीव्हीवर आजच्यासारखे फिल्टर नव्हते. निवडलेली माणसं, मेकअप, प्रकाशयोजना एवढ्यावरच काम भागलं. एडिटिंग हा शेवटचा हात आहे. त्याच्या आधी हजारातून एक चेहरा निवडलेला असतो, शेकडो फोटोंतून एक फोटो निवडलेला असतो.

ब्रशपासून बोटापर्यंत

सुधारलेली चित्रं काही आज आली नाहीत. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर गेल्या. पण त्या लक्ष्मीला कुणी आरशात शोधलं नाही. ती देवी होती, आणि चित्र हे चित्र होतं. फोटो स्टुडिओवालेही निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या, देवीच्या रोगाचे व्रण घालवत असत. ते कसबाचं आणि वेळेचं काम होतं. म्हणून ते आयुष्यातल्या दोन-चार फोटोंपुरतं राहिलं.

फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं. त्याच्या सहा महिने आधीच, ऑगस्ट १९८९ मध्ये, ‘टीव्ही गाइड’ या अमेरिकी साप्ताहिकाने मुखपृष्ठावर टीव्ही निवेदिका ओप्रा विन्फ्रीचा चेहरा अ‍ॅन-मार्गरेट या अभिनेत्रीच्या धडावर बसवला होता. दोघींपैकी कुणालाही विचारलं नव्हतं. २००० साली फोटोशॉपमध्ये ‘लिक्विफाय’ हे साधन आलं आणि कंबर, दंड, जबडा माउसने आत ढकलणं काही मिनिटांचं काम झालं. २०१३ मध्ये फेसट्यून या अ‍ॅपने तेच काम फोनवर, बोटाने, कुणालाही करता येईल असं केलं. आणि मग फिल्टर आले. कॅमेरा चेहऱ्यावरच्या डोळे, भुवया, नाक, ओठ, हनुवटी यांच्या खुणा ओळखतो, त्यावर एक जाळं पसरतो आणि तुम्ही हलत असताना ते जाळं ताणतो: डोळे मोठे, नाक अरुंद, हनुवटी टोकदार, त्वचेवरची छिद्रं गायब.

कोणता चेहरा सुंदर, हे हे सॉफ्टवेअर कुठून शिकतं? त्याला दाखवलेल्या फोटोंतून. २०१७ मध्ये फेसअ‍ॅपने चेहरा आकर्षक करणारा एक फिल्टर आणला, तर तो सावळ्या माणसांना सरळ गोरं करू लागला. कंपनीला माफी मागावी लागली. शिकवण्यासाठी वापरलेले फोटोच एकांगी होते, असं तिने सांगितलं.

आपल्याकडे यासाठी परदेशी अ‍ॅपची वाट पाहावी लागली नाही. चौकातला वाढदिवसाचा कोणताही फ्लेक्स पाहा. वर साहेब, मध्ये दादा, खाली शुभेच्छुकांचे पंचवीस-तीस चेहरे, आणि सगळे एकाच गुलाबी-पांढऱ्या रंगात न्हालेले. ही माणसं प्रत्यक्षात दिवसभर उन्हातान्हात मोटरसायकलवर फिरतात. डिझाइन करणाऱ्याला कुणी ‘गोरं कर’ असं सांगतही नाही. ते न सांगता करायचं काम झालं आहे. लग्नाच्या बायोडेटात रंगाचा रकाना असतो, त्यात ‘गोरा’, ‘निमगोरा’, ‘गव्हाळ’ असतात, ‘काळा’ सहसा नसतो. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली आणि तिच्या नावातला ‘फेअर’ जायला २०२० उजाडलं. जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेने, म्हणजे अ‍ॅस्कीने, २०१४ मध्ये नियम घातला की सावळ्या व्यक्तीला दुःखी, निराश, अपयशी दाखवायचं नाही, आणि क्रीम लावण्यापूर्वीचा चेहरा मुद्दाम उतरलेला दाखवायचा नाही. असा नियम करावा लागला, यावरून तोवर काय चालत होतं ते समजा.

आपलाच चेहरा परका होतो तेव्हा

नटीचा फोटो निदान नटीचा असतो. मला जास्त घातक वाटतो तो आपलाच सुधारलेला फोटो, कारण त्याला ‘ती कुठे, मी कुठे’ असं म्हणून बाजूला सारता येत नाही.

त्यात कॅमेराही फसवतो. हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पुढे येतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा खालचा भाग पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतो. हा नाकाचा दोष नाही, अंतराचा आहे. पण मुलगा किंवा मुलगी तो फोटो पाहते, मग फिल्टर लावते, नाक ‘नीट’ होतं, आणि आता तिच्याकडे स्वतःचे दोन चेहरे असतात. आधी कॅमेऱ्याने बिघडवलेला, मग फिल्टरने सजवलेला. खरा चेहरा या दोन्हींत नाही. त्याच सुमारास अमेरिकेतल्या चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने केलेल्या पाहणीत ५५ टक्के सर्जनांनी सांगितलं होतं की, सेल्फीत चांगलं दिसावं म्हणून शस्त्रक्रिया मागणारे लोक आपल्याकडे येतात. पूर्वी लोक नटनट्यांचे फोटो घेऊन यायचे, आता स्वतःचेच फिल्टर लावलेले फोटो दाखवू लागले.

नेदरलँड्समध्ये १४ ते १८ वर्षांच्या १४४ मुलींवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना साध्या मुलींचे मूळ फोटो दाखवले, काहींना त्याच फोटोंच्या सुधारलेल्या प्रती. सुधारलेले फोटो पाहिलेल्या मुलींचं स्वतःच्या शरीराबद्दलचं मत खाली गेलं, त्यातही तुलना करण्याची सवय असलेल्यांचं जास्त. फिल्टर लावल्याचं मुलींच्या लक्षात आलं, पण कंबर आणि पाय बारीक केल्याचं फारसं आलं नाही. फोटो खऱ्यासारखेच वाटले. यात एकही नटी नव्हती; वर्गातली वाटावी अशा मुली होत्या.

कंपन्यांनाही हे ठाऊक होतं. इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांत २०१९ सालची एक नोंद होती की, किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीच्या शरीराविषयीच्या तक्रारी आपण आणखी वाढवतो. फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी ती कागदपत्रं बाहेर काढली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती वर्तमानपत्रातून जगासमोर आली.

तरीही घाबरवून टाकणारे लेख मला आवडत नाहीत, म्हणून हेही सांगायला हवं: परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. २००८ मध्ये ७७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात सरासरी परिणाम लहान ते मध्यम निघाला. कित्येक जणी फोटो पाहतात आणि पुढे जातात. जिला आधीच वजनावरून, रंगावरून बोललं गेलं आहे, जी वयात येते आहे, जिची किंमत घरात दिसण्यावर ठरते, तिला तोच फोटो जास्त लागतो. म्हणजे दोष शोधताना फोनइतकंच घराकडेही पाहायला हवं. ‘किती काळवंडलीस गं’, ‘अंगाने सुटलीस’, ‘आता कोण करणार हिच्याशी लग्न’ हे बोलणारी मावशी कोणत्याही अ‍ॅपमध्ये नसते.

आणि मुलगे? ते यातून सुटलेले नाहीत, फक्त बोलत नाहीत. कोल्हापूरच्या तालमीत घडलेल्या पैलवानाला पोट असतं, मान जाड असते, आणि पोटावर स्नायूंच्या सहा घड्या, म्हणजे सिक्स पॅक, दिसत नाहीत. कुस्तीला त्यांची गरजही नाही. आता त्याच गावातल्या जिममधल्या पोराला ‘कट्स’ हवे असतात, कारण रीलमधल्या शरीरावर ते आहेत. ते शरीर फोटोच्या आधी पाणी तोडून, मीठ बंद करून, व्यायामाने स्नायू फुगवून, वरून पडणाऱ्या दिव्याखाली उभं केलेलं असतं. संध्याकाळी त्या मॉडेलचं स्वतःचंही पोट तसं दिसत नाही. पोरगा मात्र प्रोटीन पावडरीच्या डब्यांवर पैसे घालतो आणि पुढे एखाद्या वेळी स्टेरॉइडच्या इंजेक्शनकडे वळतो.

मग करायचं काय

सूचना छापून फारसं साधत नाही, हे वर आलंच. फिल्टर बंद करण्याचे प्रयत्न झाले: इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये प्लास्टिक सर्जरीची नक्कल करणारे फिल्टर काढले, जानेवारी २०२५ मध्ये बाहेरच्या लोकांनी बनवलेले सगळेच काढले. त्यांचे स्वतःचे राहिले, आणि फोनमध्येच असलेला ब्युटी मोडही राहिला. गुगलने २०२० मध्ये आपल्या पिक्सेल फोनवर चेहरा सुधारण्याची सोय मुळात बंद ठेवायला सुरुवात केली. हवी असेल तर आपण चालू करायची. मला ही गोष्ट कायद्यापेक्षा कामाची वाटते. कितीतरी फोनमध्ये ती न विचारता चालू असते आणि आपला चेहरा असाच गुळगुळीत आहे असं मूल समजत राहतं. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करायला मिनिट लागत नाही.

तुलना थांबवता येत नाही, पण कुणाशी करायची हे थोडंफार ठरवता येतं. जे खातं पाहून झाल्यावर दर वेळी आपलं पोट आत ओढलं जातं, ते अनफॉलो करावं. नजरेची सवय दोन्ही बाजूंनी लागते, हे त्या प्रयोगात दिसलंच होतं. पडद्यावर सगळ्या आकारांची, रंगांची, वयांची माणसं आली की ‘नेहमीसारखं’ म्हणजे काय हेही परत सरकतं. नेदरलँड्समध्येच जेसिका अलेवा यांनी आणखी एक उपाय तपासला: शरीर कसं दिसतं याऐवजी ते काय काय करतं हे लिहून काढायचं. पाय गड चढतात, हात भाकरी थापतात, कान गाणं ओळखतात. असं लिहिणाऱ्या बायकांचं शरीराबद्दलचं समाधान वाढलं. वाचताना बाळबोध वाटतं, पण फुकट आहे आणि मोजून पाहिलेलं आहे.

घरातल्या मोठ्यांनी निदान महिनाभर कुणाच्याही वजनावर आणि रंगावर बोलायचं नाही असं ठरवून पाहावं. स्वतःच्याही. ‘मी बघ कशी हत्तीण झालेय’ असं आई आरशासमोर म्हणते, ते मुलगी ऐकत असते.

काही वेळा गोष्ट नाराजीच्या पुढे गेलेली असते. दिवसातले तास-दोन तास आरशात एकच दोष तपासण्यात जाणं, इतरांना न दिसणाऱ्या व्यंगामुळे कॉलेज किंवा लग्नकार्य टाळणं, एका शस्त्रक्रियेनंतर लगेच दुसरीचा विचार सुरू होणं, जेवल्यावर उलटी करणं, गुपचूप उपास काढणं. पहिल्या तीन खुणा बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर या आजाराच्या असू शकतात. तो शंभरात साधारण दोघांना असतो. शेवटच्या दोन खाण्याच्या विकाराच्या. दोन्हींवर समुपदेशनाचा आणि गरज पडल्यास औषधांचा उपयोग होतो. सर्जनकडे किंवा डाएटिशियनकडे जाण्याआधी मनोविकारतज्ज्ञाला दाखवावं. जवळपास कुणी नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन मोफत आहे, दिवस-रात्र कधीही करता येतो आणि मराठीतून बोलता येतं.